आधी कान, मग कुऱ्हाड

आमच्या खळ्यातला फणस मागच्या मार्गशीर्षात तोडला. तौक्ते वादळाने 16 मे 2021 रोजी तो घराच्या अंगाला कलता केला होता, आणि तेव्हापासून पावसात वारा उठला की आम्ही अंथरुणं गुंडाळून मागच्या पडवीत जायचो. आजोबांनी लावलेलं झाड ते. तोडायचं मनाशी घ्यायला आईने तीन पावसाळे काढले. फणस 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत येतो, म्हणून परवानगीचे कागद आधी झाले, मग दिवस ठरला, आणि एका गार सकाळी आमच्या कुडाळ तालुक्यातल्या वाडीत टेम्पोतून तिघे उतरले.

पहिले काका. वय 83. ते कामाला आले नव्हते, त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. पण या फणसाच्या फांद्या आजोबांच्या देखत त्यांनीच छाटलेल्या, तेव्हा ‘माका घेवन चला’ म्हणून काठी टेकत टेम्पोत बसले. दुसरे त्यांचे पुतणे, साठी ओलांडलेले, आम्ही त्यांना दादा म्हणतो. तिसरा दादांचा मुलगा, अजून तिशी न गाठलेला, डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे जाळी आणि कानांवर पेल्यांसारखी झाकणं. काका सोळाव्या वर्षी, 1957 साली या कामाला लागले. तेव्हापासून आजतागायत त्या घरातून कोणी ना कोणी रोज सकाळी झाडाकडे निघतंच आहे.

काकांनी खळ्याच्या कडेला चपला काढल्या. फणसापाशी गेले, आधी त्याला हात लावून तो हात कपाळाला लावला, मग नातवाकडून कुऱ्हाड घेऊन उलटी धरली आणि तिच्या पाठीने खोडावर ठोके दिले. एक गुडघ्यापाशी, एक कमरेपाशी, एक हात वर करून पोचेल तिथे. लहानपणी मी त्यांना हे करताना पाहिलंय. तेव्हा ते ठोका मारून डोळे मिटून घेत आणि मान किंचित तिरकी करत. या वेळी त्यांनी मान तिरकी केली नाही. डावा तळवा पसरून खोडाला टेकवला आणि उजव्या हाताने ठोका दिला.

“आवाज कसो इलो रे?” त्यांनी नातवाला विचारलं.

“खाली भरीव आसा, आजोबानू. वर पोकळ लागता.”

“माका पण तसाच लागला,” काका म्हणाले, आणि तळवा धोतराला पुसला.

काकांना आता ऐकू कमी येतं. मोठ्या आवाजाने कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासचे. खर्जातलं बरंच शिल्लक राहतं. त्यामुळे आपण बोलतोय हे त्यांना कळतं, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात आणि शब्दाचा अर्थ अर्धा राहतो. ज्या माणसाने आयुष्यभर कानाने झाडं ओळखली, त्याचं हे झालंय. त्या दिवशी संध्याकाळी खळ्यात बसून या तिघांच्या गोष्टी ऐकल्या, तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की लाकूडतोड हा हाताइतकाच कानाचा धंदा होता, आणि त्यांच्या घरात भजनाचं, रेडिओचं, जुन्या कॅसेटींचं इतकं प्रेम का हेही त्यातूनच उलगडलं.

*

1980 साली आमच्या घरावर माडी चढवायची ठरली, तेव्हा काका आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादांचे वडील, दीड महिना आमच्या खळ्यात कामाला होते. मी आठ वर्षांची. शाळेतून आले की दप्तर टाकून थेट त्यांच्यापाशी.

परड्यातले ऐन आणि किंजळ आधीच पाडून ठेवलेले. ओंडका बेळक्यांवर चढवायला वाडीतले आठ-दहा जण लागत. तो चढला की त्यावर रेघा मारायच्या. त्यासाठी सूत काळ्या पाण्यात भिजवायचं, दोन टोकांना ताणून धरायचं, आणि मधे चिमटीत उचलून सोडायचं. फट्‌ आवाज व्हायचा आणि ओंडक्यावर केसासारखी सरळ रेघ उमटायची. ते काळं पाणी कशाचं, तर रेडिओचे संपलेले सेल दगडाने फोडून त्यांतली पूड कालवलेली. सेल गोळा करायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी फार मान मिळाल्यासारखं करायचे. म्हणजे ज्या सेलवर आमच्याकडे महिनाभर गाणी वाजली, त्याच सेलच्या काळ्या रेघेवरून आमच्या माडीचे वासे कापले गेले. ते वासे अजून डोक्यावर आहेत. एकदोन वाशांवर कडेला ती रेघ अजून पुसट दिसते.

थोरले भाऊ ओंडक्यावर उभे, काका खाली. करवत माणसापेक्षा उंच, दोन्ही टोकांना आडव्या मुठी. कापणी होते ती करवत खाली येताना. खालच्याने ओढायची, वरच्याने ती उचलून घ्यायची आणि रेघ सांभाळायची. झाड आडवं पाडताना वापरायची ती लांब करवत वेगळी, तिथे दोघंही आपापल्या बाजूला ओढतात. दोन्हीकडे नियम एकच, आणि तो काका माझ्यासारख्या पोरीलाही सांगायचे: “करवत वढूची, ढकलूची न्हय.” पातं पातळ असतं, ढकललं की पोक काढतं आणि अडकतं. समोरचा ओढत असताना आपण हात सैल सोडायचा. किती सैल आणि कधी, हे शिकायला दोन वर्षं जातात, असं ते म्हणत.

हा सैल सोडण्याचा क्षण ते गाण्यावर पकडत. दोघंही वाडीच्या भजनातले. थोरले भाऊ बुवा, काकांच्या हातात झांज. कापणी सुरू करताना अभंगासारखी संथ चाल. करवतीला वाट मिळाली की आठ मात्रांचा भजनी ठेका धरायचा, चार मात्रांना करवत खाली, चारला वर. ओंडक्याचा शेवटचा हातभर राहिला की गजराची लय. मोठ्याने कोणी गात नसे, तेवढा दम कुठला असायला. थोरले भाऊ तोंडातल्या तोंडात पुटपुटत आणि काका खालून नाकाने हुंकार देत. आई स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून सांगायची, “आता फळी सुटतली, पेज वाढूक घेतंय.” आणि खरंच फळी सुटायची.

त्या दिवसांचं मी उगाच कौतुक करत नाही. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. काका डोक्याला पंचा गुंडाळून, पापण्या अर्ध्या मिटून काम करत, आणि संध्याकाळी माझी आजी त्यांच्या डोळ्यांत गाईच्या तुपाचं बोट लावायची. ऐन तर असा चिवट की तासाभरात करवत बोथट व्हायची. मजुरी घनफुटावर. पाऊस आला, ओंडक्यात गाठ निघाली, करवत मोडली, तर त्या दिवसाचं काहीच नाही. थोरल्या भावांचा खांदा पन्नाशीतच कामातून गेला, आणि नंतर त्यांना पेटीचा भाता ओढायलाही दुसरा माणूस लागायचा. हे सगळं ठाऊक असूनही मला तो आवाज हवासा वाटतो.

रात्री जेवणं झाली की कानस घेऊन करवतीला दात काढायचं काम. पातं मांड्यांत आडवं धरून काका एकेक दात घासत. दर दाताला तीन फरकाटे, चौथा नाही. सगळे दात सारखे घासले गेले की कानशीचा आवाज एका सुरात येतो. एखादा दात मोठा राहिला तर तिथे सूर बदलतो. काका तो आवाज ऐकून चार दात मागे जायचे. कंदिलाचा उजेड इतका मंद असे की डोळ्यांनी ते दिसणं शक्यच नव्हतं. शेवटी पात्यावर उंडेल तेल चोळायचं आणि गोणपाटात गुंडाळून ठेवायचं.

आणि हे चालू असताना पडवीत रेडिओ. मुंबई ‘ब’ केंद्र खरखरत लागायचं, त्यावर ‘कामगार सभा’ आणि ‘आपली आवड’. रत्नागिरीचं आकाशवाणी केंद्र 1977 साली सुरू झालं होतं, ते स्वच्छ ऐकू येई. पणजीही लागायचं. थोरल्या भावांना नाट्यगीतांचं वेड. ‘मत्स्यगंधा’ 1964चं आणि ‘कट्यार काळजात घुसली’ 1967चं, पण आमच्याकडे ती पदं 1980 सालीही नवी असल्यासारखी ऐकली जात. जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, रामदास कामत साखळीचे, म्हणजे डोंगर उतरलं की पलीकडचेच. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलताना भावांच्या आवाजात घरच्या माणसाचा अभिमान यायचा. पद सुरू झालं की काकांची कानस थांबायची. संपलं की पुन्हा सुरू.

*

दादा त्या वेळी इथे नव्हते. आमच्या बहुतेक घरांतले तरुण मुंबईला गिरणीत जात, तसे तेही गेले होते, बदली कामगार म्हणून. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्षभर वाट पाहून दादा एसटीने गावी परतले. सोबत एक पत्र्याची पेटी आणि एक टेपरेकॉर्डर, पगारातून साठवून घेतलेला. वडिलांचा खांदा दुखायला लागलाच होता. काका खालून वर चढले आणि दादा खाली उभे राहिले.

“गिरणीत कानठळ्या बसत,” दादा त्या संध्याकाळी सांगत होते. “लूम खात्यात बाजूचो माणूस काय बोलता ता व्हटावरून वळखूचा लागा. हय इलय तर पयल्या दिसा माका वाटला, कान गेले माझे. इतक्या गप्प! मगे चार दिसांनी करवतीचो आवाज वेगळो, पाखराचो वेगळो, ओंडको चिरता तेचो वेगळो, असा सगळा आयकाक येवक लागला.”

ओंडका चिरतो त्याचा आवाज. इथे काका पुढे सरकले. त्यांना एवढं वाक्य बरोबर ऐकू आलं होतं. उभं झाड पाडताना, ते म्हणाले, खाच अर्ध्यावर गेली की खोडाच्या आत तंतू तुटायला लागतात. आधी टिक, टिक, वाळक्या शेंगा फुटल्यासारखं. मग एक लांब कुरकुर. त्या कुरकुरीनंतर हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढाच वेळ असतो, तेवढ्यात दोघांनी कुठल्या बाजूला पळायचं हे आधी ठरलेलं असतं. माझ्या आजोबांना ते सांगायचे तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं: “झाडाक आधी कान लावचो, मगे कुराड.”

मग आग्या मोहोळाची गोष्ट निघाली. ती दोन आहेत, एक काकांची आणि एक दादांची, आणि त्या नेहमी जोडीनेच सांगितल्या जातात. काकांची गोष्ट आंबोलीच्या घाटाखालची. जांभळाचं जुनं झाड, पाणी जोरात वाहणारा व्हाळ शेजारी. काकांनी नेहमीप्रमाणे ठोका दिला, तर झाडातून ठोक्याचा आवाज परत आला आणि त्याच्या मागोमाग एक बारीक घुमारा, तंबोऱ्याची तार छेडल्यासारखा. तो ठोक्याचा नव्हे हे त्यांनी ओळखलं. वर पाहिलं तर पानांआड आग्या. कामावरचे सगळे आल्या पावली मागे फिरले.

दादांची गोष्ट त्यानंतर वीसेक वर्षांनी, मशीन आल्यावरची. आंब्याची फांदी, मशीन चालू. कानात दुसरं काहीच शिरत नाही. माशा अंगावर आल्या तेव्हाच कळलं. दादा दोरावरून कसेबसे खाली आले आणि मशीन तिथेच टाकून व्हाळाच्या कोंडीत बुडी मारून राहिले. श्वासाला तोंड वर काढलं की डोक्यावर माशा. वर झाडावर मशीन तसंच घरघरत लटकलेलं, पेट्रोल संपेपर्यंत. “तेचा पेट्रोल सोपला तेवा आयकूक इला,” दादा म्हणाले, “केवड्या माशी होती ती.”

*

मशीनला आमच्याकडे वुडकटर म्हणतात, किंवा नुसतं कटर. दादांनी पहिलं घेतलं ते 1999 साली, गोव्याहून, वापरलेलं. त्याच्या आदल्या वर्षी 26 जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली होती, घरं बांधायचं काम वाढलं होतं, आणि हाताच्या करवतीने कामं उरकत नव्हती. आमच्या घरी माडीच्या वेळी ज्या जाडीच्या किंजळाला पाडायला अर्धा दिवस गेला, तेवढा किंजळ मशीनने चहा उकळेपर्यंत आडवा व्हायचा. साखळी सेकंदाला साधारण 20 मीटर वेगाने फिरते. एक लिटर पेट्रोलला 20 मिली ऑइल, साखळीच्या वंगणाची टाकी निराळी, आणि दर टाकीला गोल कानशीने साखळीचे दात घासायचे. कानस तेवढी जुनी राहिली.

तरण्या पोराला मशीनची फार माया आहे. तो जर्मनीच्या स्टिलबद्दल बोलतो, स्वीडनच्या हुस्कवार्नाबद्दल बोलतो. हुस्कवार्ना 1689 साली राजाच्या बंदुका घडवायला निघालेला कारखाना, आणि आंद्रेआस स्टिलने आपली कंपनी 1926ला काढली, हे त्याला तोंडपाठ. एखादा क्रिकेटच्या धावा सांगतो तसं तो सीसी सांगतो. मला त्याचं हे आवडतं. आपल्या हत्याराचा इतिहास ठाऊक असलेला माणूस त्या हत्याराला जपतो.

पण मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. 85च्या पुढच्या आवाजात रोज आठ तास काढले की कान बिघडायला लागतात, हे आज पुस्तकात आहे. 1999 साली आमच्या वाडीत कुणाला माहीत होतं? काकांनी आणि दादांनी पुढची बारा-तेरा वर्षं कानात कापसाचा बोळाही न घालता मशीन चालवलं. काकांचे कान गेले. दादांचे कान बरे आहेत, पण थंडीच्या सकाळी त्यांची बोटं टोकापर्यंत पांढरी पडतात आणि बधिर होतात. मशीनच्या थरथरीने हे होतं. पहिल्या मशीनच्या मुठीखालचं रबर झिजलेलं होतं, आणि ते बदलायचं असतं हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दादा वाडीचे पखवाजवाले. पखवाजाला बोटांची टोकंच लागतात. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांनी पखवाज भाच्याकडे दिला, आणि आता भजनाला ते मागे, खांबाला टेकून बसतात.

हे सांगताना दादा मशीनला एक शब्दही वाईट बोलले नाहीत. त्याच मशीनवर त्यांनी मुलीला नर्सिंगपर्यंत शिकवलं, घरावर स्लॅब घातला. हाताच्या करवतीवर ते झालं नसतं, आणि हे काकाही मान हलवून कबूल करतात. मला मात्र त्या बधिर बोटांचं दुःख फार लागलं. मशीन आलं त्याच दिवशी कानांवर घालायची झाकणं आणि मुठीचं रबरही यायला हवं होतं. ती यायला वीस वर्षं लागली, आणि त्या वीस वर्षांत एका घरातली झांज गेली आणि पखवाज गेला.

*

पोराची गोष्ट तौक्तेची. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मशीन घेऊन बाहेर पडला तर वाडीतून रस्त्याला लागायलाच दुपार झाली. माड, आंबे, आकेशिया, सगळं वाटेवर, त्यात विजेच्या तारा गुंतलेल्या. पुढचे दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत कापणं. वादळात पडलेलं झाड उभ्या झाडाहून वाईट असतं. खोड धनुष्यासारखं वाकून ताणलेलं असतं, चुकीच्या बाजूने कापलं की उसळतं आणि माणसाला फेकून देतं. “पयल्या दिवशी एक माड माझ्या छातीपासून वितभर गेलो,” तो म्हणाला. “रात्री आजोबांका सांगलय. तेनी इचारला, झाडान काय सांगल्यान नाय तुका? मी म्हटलंय, मशीन चालू होता. तर म्हणाले, मगे बंद कर. दर चार बोटां कापलस काय बंद कर, झाकणा काड, आयक.”

तेव्हापासून तो तसंच करतो. आमच्या फणसाला मी ते पाहिलं. मशीन गर्जायचं, भुशाचा पिवळा फवारा उडायचा, मग एकदम शांत. तो कानांवरची झाकणं वर सारून खाचेकडे तोंड करून उभा राहायचा, डोळे मिटून, मान किंचित तिरकी. काका खळ्याच्या कडेला खुर्चीवर बसून ते बघत होते. पाचव्या की सहाव्या वेळी त्याने हात वर केला, आम्ही सगळे मागे सरलो, आणि मलाही ऐकू आलं, टिक, टिक, आणि मग ती लांब कुरकुर. फणस परड्याच्या बाजूला, दोराने ठरवल्या जागी, आडवा झाला. फणसाचा गाभा ताजा कापला की हळदीसारखा पिवळा असतो. सगळं खळं पिवळं झालं होतं, काकांचे पांढरे केससुद्धा.

वादळात आमच्याकडे नऊ दिवस वीज नव्हती. मोबाइल मेलेले. तेव्हा काकांचा सेलवरचा रेडिओ एकटा चालू होता आणि अख्खी वाडी संध्याकाळी त्यांच्या पडवीत जमायची. या पोराने तेव्हा पहिल्यांदा सलग बसून रेडिओ ऐकला, असं तो म्हणाला. वीज आल्यावर त्याने आजोबांच्या खोक्यातल्या कॅसेटी बाहेर काढल्या. त्यांत परशुराम पांचाळ बुवांची डबलबारी होती, दशावताराची आख्यानं होती, आणि वाडीच्या भजनाच्या सात कॅसेटी होत्या, दादांच्या त्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या. दोन कॅसेटींची फीत बुरशीने चिकटली होती. एकीची तुटलेली फीत त्याने चिकटपट्टीने सांधली, पेन्सिल घालून गुंडाळली. सगळ्या त्याने मोबाइलमध्ये भरून घेतल्यात. पण आजोबांसाठी कॅसेटच लावतो, कारण मोबाइलला हात टेकवून काही कळत नाही.

गप्पांत मी माझ्या आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या आणून दाखवल्या. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर. 78 फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. काकांनी एक तबकडी हातात घेतली, नखाने कडेला टिचकी मारली आणि विचारलं, ही कसली? मी सांगितलं, लाखेची. पळसावर, बोरीवर, कुसुमाच्या झाडावर जे किडे बसतात त्यांची लाख. ती कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात जायची आणि तिच्यात दगडाची पूड घालून तबकड्या व्हायच्या. मला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मी त्यांच्या कानाशी वाकून, स, श गळून गेले तरी समजेल असं सांगितलं. त्यांनी तबकडी उलटी-सुलटी करून पाहिली.

“म्हणजे गाणा पण झाडारच पिकता,” ते म्हणाले. मग फणसाच्या बुंध्याकडे बोट दाखवून नातवाला सांगितलं, खालचा भरीव तुकडा वखारीत जाऊ द्यायचा नाही. दीड हाताचा कापायचा, सालीसकट सावलीत वर्षभर वाळवायचा, टोकांना शेण लावायचं म्हणजे भेगा पडत नाहीत. पखवाजाला होईल. आईने लगेच होकार दिला. तो तुकडा आता आमच्या मांगरात आहे.

*

काळोख पडल्यावर पोराने टेम्पोतून टेपरेकॉर्डर आणला. झाकणाची खिट्टी मोडलेली, तिथे रबर लावलंय. 1988 सालची कॅसेट, आमच्या गावच्या जत्रेतली, साठ मिनिटांची. बुवा थोरले भाऊ, पखवाजावर दादा, झांजेला काका. भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली.

सुरुवातीला नुसती माणसांची कुजबुज आणि कुणाचा तरी खोकला. मग पेटी, आणि त्यावर भावांचा आवाज. आई पदर डोळ्यांना लावून आत निघून गेली. दादांची बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि डावा तळवा टेपरेकॉर्डरवर ठेवला, सकाळी फणसावर ठेवला होता तसा.

“पखवाज इलो,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “भाऊ इलो.” आणि मग नातवाकडे वळून, “झांज वाजता मा रे?”

“वाजता, आजोबानू. बरी वाजता.”

गजर रंगात आला, लय चढत गेली, पुढची ओळ येणार आणि खट्‌ आवाज होऊन बाजू संपली. 1988च्या त्या रात्रीही ती अशीच संपली होती. दादांनी पखवाज सोडून टेपरेकॉर्डरवाल्या पोराला ‘परत रे’ म्हणून खुणावलं होतं, आणि त्याने कॅसेट उलटी घालेपर्यंत गजराचा एक तुकडा भरायचा राहिला. तो कुठल्याच फितीवर नाही.

नातू कॅसेट काढून उलटी करायला लागला. खळ्यात शांतता. आणि काका गायला लागले. आवाज फाटलेला, पण लय तीच, गजर जिथे तुटला होता तिथून पुढे. भावांनी त्या रात्री जी ओळ तीनदा घेतली होती ती त्यांनी तीनदाच घेतली, तिसऱ्यांदा वर चढवून. उजव्या हाताची बोटं हवेत मिटत-उघडत होती, झांज धरल्यासारखी. नातवाने दुसरी बाजू आत सरकवली, बटण दाबलं, फितीची खरखर आली, आणि भावांचा आवाज आला तो काकांच्या पुढच्याच शब्दावर.

काकांना ते ऐकू आलं की तळव्याला कळलं, मी विचारलं नाही. ते थांबले, आणि टेपरेकॉर्डरवरचा हात त्यांनी तसाच राहू दिला.